लाल बत्ती हिरवी जळली

१

लाल बत्ती हिरवी जळली. धक्क्यावर जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

ज्याला समुद्राशी देणंघेणं नाही तो म्हणेल, मग काय बिघडलं, हिरवा रंग काय वाईट असतो? वाईट नसतो हो. पण होडीवरची ही बत्ती, म्हणजे हातात धरून पेटवायची वीतभर नळी, तिचा रंग हाच तिचा निरोप. लाल म्हणजे 'बुडतोय, धावा'. हिरवी म्हणजे 'आमचं बरं चाललंय, तुम्ही व्हा पुढं'. होडीवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष खरेदीआधीची चाचणी घ्यायला स्वतः आले होते. म्हातारा माणूस, सगळं आयुष्य पाण्यावर गेलेलं. त्यांनी पेटीतून मनाला आली ती बत्ती उचलली, टोपण घासलं, हात लांब धरला. तिन्हीसांजेच्या उजेडात ती बत्ती हिरवीगार पेटली आणि न फुरफुरता शेवटपर्यंत जळत राहिली.

"मी बुडत असतो," अध्यक्ष सावकाश म्हणाले, "तर समोरच्या होडीनं मला टाटा केला असता."

बत्त्या बनवणाऱ्या कारखान्याचे मालक घामाघूम झाले. त्यांचा भाचा, जो सध्या मॅनेजर म्हणून मिरवत होता, तो मात्र तयारीतच होता. "मामा, मी केव्हाचा सांगतोय. ताईंचं वय झालं. मिश्रणाचं यंत्र घ्या आणि मोकळे व्हा."

मिश्रण खोली म्हणजे ताई आणि ताई म्हणजे मिश्रण खोली, असं त्या कारखान्यात सगळे धरून चालत. तिच्या हातची एकही बत्ती आजवर रंग चुकली नव्हती. ती पुढे आली, विझलेली नळी उचलली, तिच्या तळाची कागदाची घडी पाहिली. "ही माझ्याच हातची आहे," एवढंच म्हणाली.

"उद्या संध्याकाळी मी परत येतो," अध्यक्षांनी बजावलं. "हे कसं झालं ते सांगता आलं तर माल घेऊ. नाहीतर राम राम."

मालकांनी ताईकडे पाहायचं टाळलं. "ताई, उद्यापर्यंत उलगडा झाला नाही तर मिश्रण खोली तुमच्याकडून काढून घ्यावी लागेल मला," ते म्हणाले, आणि भाच्यानं तेवढ्यात जाऊन खोलीला दुसरं कुलूप ठोकलंसुद्धा.

२

ताईची धाकटी बहीण कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिच्या विद्यार्थ्यांना ती काही न बोलता नुसती चष्म्यावरून बघायला लागली की घाम फुटायचा. सकाळी सकाळी ती ताईच्या स्वयंपाकघरात उभी राहिली तेव्हा ताई कोरडी कढई घासत होती.

"जेवलीस का काल?"

"भूक मेली."

"ताई, रागावू नकोस. पण चुकून तुझ्याच हातून..."

"चुकून?" ताईनं कढई आपटली. "अगं, चुकून मी एखादवेळी तुझ्या भाऊजींना परक्या माणसाच्या नावानं हाक मारीन. पण लालच्या जागी हिरवं घालणार नाही. तू म्हणशील ती शपथ घ्यायला तयार आहे."

भाऊजींनी आतल्या खोलीतून खाकरून आपली हजेरी लावली. धाकटी हसली, पण हसता हसता तिनं ताईकडे निरखून पाहिलं. ताईचा आवाज कधी असा कापत नसे. नोकरी गेली तर ताई उपाशी मरणार नव्हती. पण 'नजर गेली म्हणून काढली' हे वाक्य घेऊन तिला गावात वावरावं लागलं असतं, आणि ते धाकटीला सहन होणार नव्हतं. तिनं कॉलेजात रजा कळवली आणि पदर खोचला.

भाच्यानं कुरकुरतच आपलं कुलूप उघडून दिलं. मिश्रण खोली लांबट होती. खिडक्यांना जाळ्या, मधे दगडी ओटा, आणि भिंतीला लागून ताईचं एक उभं कपाट. धाकटी त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिला हसूच आलं.

कपाटाची फळी-फळी म्हणजे तिच्या वर्गातल्या भिंतीवरच्या तक्त्यातली एक उभी ओळ होती. जगातली सगळी मूलद्रव्यं एका तक्त्यात मांडतात. वजन वाढत जातं तसं पुढे पुढे जायचं, पण स्वभाव सारखा असला की एकाखाली एक बसवायचं. या उभ्या ओळीला गण म्हणतात. मुलांना सांगताना धाकटी गण म्हणजे भावंडं म्हणायची: वरचं हलकं, खालचं जड, पण वागणं एकाच घरातलं. ताईनं नोकरीच्या सुरुवातीलाच धाकटीकडून तो तक्ता समजून घेतला होता आणि आपली कपाटं तशीच लावली होती. या कपाटात एकच गण. वरून खाली मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. नावं फळीच्या कडेला ऑइलपेंटनं रंगवलेली. बरण्या मात्र चारही एकसारख्या, चिनी मातीच्या, आणि त्यांच्यावर अक्षरही नाही.

"बरणीवर नाव का नाही गं?"

"कागद लावला की इथल्या दमट हवेत गळून पडतो. आणि बरण्या धुऊन फिरत असतात. आमच्यात नाव जागेला असतं," ताई अभिमानानं म्हणाली. "डोळे बांधून ये म्हटलंस तरी तिसऱ्या फळीवर लाल आणि चौथ्या फळीवर हिरवं."

"आणि चारही पांढरे क्षार."

"पांढरे फटक. बघून नाही सांगता येणार. जाळल्यावर बोलतात. मॅग्नेशियम गप्प, त्याला रंग नाही. कॅल्शियम नारिंगी, स्ट्रॉन्शियम लाल, बेरियम हिरवं."

धाकटीनं चष्मा काढून पुसला. "कालची बत्ती शेवटपर्यंत नीट जळली? मधे विझली, उडाली, ठिणग्या टाकल्या?"

"छे! शहाण्यासारखी जळली. तेच तर वाईट वाटलं मला."

"मग वाईट वाटून घेऊ नकोस. पलीकडच्या कपाटातलं सोडियम पडलं असतं तर सगळं पिवळं झालं असतं. तांबं पडलं असतं तर तुझं माप बिघडून बत्ती धड जळली नसती. रंग बदलला पण चाल बदलली नाही, याचा अर्थ एकच." ती ताईच्या कानाशी झुकली. "घुसखोर घरातलाच आहे."

"कुठल्या घरातला?" ताईचा चेहरा पांढरा पडला.

"ह्या कपाटातल्या," धाकटी म्हणाली, आणि तेवढ्यात दारातून भाचा ओरडला, "मॅडम, एकाही बरणीला हात लावायचा नाही!"

३

धाकटीनं खरंच हात लावला नाही. तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि भाच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"खोलीची किल्ली कुठे असते?"

"ऑफिसात, खिळ्याला." भाच्यानं टाय सरळ केला. "म्हणजे मी घेऊ शकतो, स्टोअरवाले काका घेऊ शकतात आणि मामांची बबडी घेऊ शकते. मी गेल्या आठवड्यात घेतलीही होती. यंत्र कुठे बसेल त्याचं माप काढायला. लपवतोय कुठे?"

"मापं काढताना कपाट हलवलंत?"

"कपाटाला मी हात लावीन? शिंका येतात मला या पुडीनं." आणि तो खरोखरच शिंकला. यंत्र यावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेला माणूस, पण शिंक मात्र नाटकी नव्हती.

स्टोअरवाले काका गाल फुगवूनच आले. रसायनांची पोती उतरवून घेणं, बरण्या भरणं हे त्यांचं काम. ताईकडे पाठ करून ते धाकटीशी बोलायला लागले.

"बाई, तुमच्या बहिणीला सांगा, मी या खोलीत चौथ्या फळीवरची बरणी काठोकाठ भरली होती. काठोकाठ! आणि या मला म्हणतात, हिरवं संपलंय, भरलं का नाही?"

"संपलंच होतं!" ताई उसळली. "हात घातला तर फळी रिकामी. बरणीसुद्धा नाही. मला वाटलं, धुवायला नेली आणि विसरलात."

"मी? विसरलो? चार दिवस झाले, बोलत नाही मी यांच्याशी."

"वा, आणि आता काय करताय?"

"मी बाईंशी बोलतोय."

धाकटीनं हात वर करून दोघांना गप्प केलं. चौथी फळी खाली, चाळण्या टांगायच्या लाकडी घोडीमागे दडलेली होती. दारातून ती दिसतच नव्हती. "काका, गेल्या आठवड्यात आणखी काही तक्रार?"

"तक्रार नाही, उलट कौतुक. रस्त्याच्या कामावर नारिंगी बत्त्या गेल्या होत्या. मुकादम म्हणाला, या खेपेला रंग काय झकास आहे, अगदी लालच वाटतो."

"असं म्हणाला?" धाकटी स्टुलावरून उठली.

"हो. त्यात एवढं उठण्यासारखं काय आहे?"

ती उत्तर देणार तोच बबडी दारात आली. मालकांची एकुलती एक लेक, ऑफिसचं टपाल आणि टेलिफोन सांभाळणारी, बोलायला मऊ आणि अंगानं भरलेली. दारात तेलाचं पिंप आडवं आलं होतं. भाचा म्हणाला, "थांब, दोन माणसं बोलावतो." बबडीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले, पिंपाला मिठी मारली आणि ते अलगद बाजूला ठेवून आत आली.

"बाबांनी विचारलंय, काही कळलं का?" ती ताईकडे बघत म्हणाली. "ताई, काल मला झोप नाही लागली. तुम्ही चुकणं शक्यच नाही."

"जरा इकडे ये गं," धाकटी म्हणाली. "हात बघू."

बबडीनं निमूट हात पुढे केले. बोटांच्या मुळाशी घट्टे होते, जाड, पिवळट. टेलिफोन उचलून असले घट्टे कुणाला पडत नाहीत.

"बाबांना बोलाव," धाकटी म्हणाली. "आणि अंगणात एक पत्र्याचा तुकडा आणि स्पिरिटचा दिवा मांडा. मला कळलंय."

४

दुपारच्या अंगणात मालक, भाचा, काका, बबडी आणि ताई अर्धवर्तुळ करून उभे राहिले. वर्गात फळ्यापुढे उभी राहावी तशी धाकटी दिव्यापुढे उभी होती. आता मात्र भाच्याची परवानगी कुणी विचारली नाही.

"सगळे समजताहेत की कुणीतरी लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली. ताईला बदनाम करायचं तर तसंच कुणीही करील. पण अदलाबदल म्हणजे काय? लालच्या जागी हिरवं गेलं, तर हिरव्याच्या जागी लाल सापडायला हवं. तिथे काय सापडलं?"

"काहीच नाही," ताई आणि काका एका दमात म्हणाले, आणि आपण एका दमात बोललो म्हणून दोघंही ओशाळले.

"जागा रिकामी. आणि ज्याची कुणाशीच अदलाबदल व्हायचं कारण नाही ती नारिंगी, ती लाल जळली. मुकादमाला आवडली म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आता फळ्या डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या फळीनं तिसरीचा रंग दिला. तिसरीनं चौथीचा रंग दिला. चौथी रिकामी. प्रत्येकीनं आपल्या खालच्या भावंडाचा रंग दिलाय. हे काय झालं असेल?"

मालक बोटांवर काहीतरी मोजत होते. त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. "सगळ्या बरण्या एकेक फळी वर सरकल्या!"

"शाब्बास. माझ्या वर्गात असता तर पहिल्या बाकावर बसवलं असतं. आता मी न जाळता सांगते. पहिल्या फळीवर नाव मॅग्नेशियमचं, त्याला रंग नाही म्हणतात. पण तिथली चिमूट नारिंगी जळेल."

काकांनी पहिल्या फळीवरची चिमूट पत्र्यावर ठेवली, वर स्पिरिटचे थेंब सोडले, काडी लावली. ज्योत नारिंगी झाली. दुसऱ्या फळीची चिमूट लाल जळली, तिसरीची हिरवी. धाकटी प्रत्येक वेळी आधी रंगाचं नाव घेत होती आणि ज्योत तिच्या मागून तिचा शब्द राखत होती. ताईची मान हळूहळू ताठ झाली.

"पण मॅडम," भाचा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, "बरण्या वर सरकवल्या कशासाठी?"

"वरची एक बरणी नेली म्हणून. पहिली फळी डोळ्यांसमोर येते, तिथलं भगदाड दारातून दिसलं असतं. म्हणून नेणाऱ्यानं तीन बरण्या वर सरकवून भगदाड खाली चाळण्यांमागे ढकललं. त्याला वाटलं, बरण्या सगळ्या सारख्या, पांढरी पूड सगळी सारखी, काय फरक पडतो? त्याला लाल-हिरव्याशी कर्तव्यच नव्हतं. त्यानं मॅग्नेशियम चोरलं."

"पण त्याला रंगच नाही!" काका म्हणाले. "ताई ते फक्त मिश्रणाला ओल लागू नये म्हणून चिमूटभर घालतात. महिना-महिना हात लागत नाही त्याला."

"रंगासाठी नेलंच नाही कुणी. ओल शोषतं म्हणूनच नेलं." धाकटीनं आवाज खाली आणला. "घामेजलेल्या हातातून लोखंडाची दांडी निसटू नये म्हणून, वजन उचलणारी माणसं हाताला एक पांढरी पूड चोळतात. ती याच मॅग्नेशियमची असते."

भाच्याला सकाळचं तेलाचं पिंप आठवलं. आणि मग मालकांच्या पाठीमागून हुंदका ऐकू आला.

५

"मी नेली," बबडी म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते. "व्यायामशाळेत स्पर्धा आहे. पूड संपली होती, मागवलेली येणार होती, आली की परत ठेवणार होते. बरण्यांच्या आत कुठेतरी नावं असतील असं वाटलं मला. देवाशपथ, त्यामुळे हे झालं हे मला आत्ता कळलं. ताई, मला मारा हवं तर."

"मारू कशी? उचलून फेकशील मला," ताई म्हणाली, पण तिचाही आवाज ओला होता.

"त्यापेक्षा हे ऐक," धाकटीनं बबडीचे खांदे धरले. "दिसायला सारखी म्हणजे सारखी नव्हे. एका घरातली असली तरी चौथी विषारी आहे. उद्या घाईत तिसऱ्या फळीवर सरकलेली तीच नेली असतीस, आणि त्याच हातांनी दोन घास खाल्ले असतेस, तर आज आम्ही दवाखान्यात उभे असतो."

बबडीनं नकळत हात पदराला पुसले. मालकांना मात्र वेगळाच धक्का बसला होता. "वजन उचलतेस? तू? किती?"

बबडी नाक ओढत म्हणाली, "या दादाला उचलून वर आणखी एक पोतं."

भाचा दोन पावलं मागे सरला. मालकांच्या चेहऱ्यावर राग आणि कौतुक यांची झटापट झाली, आणि बापाच्या चेहऱ्यावर अशा झटापटीत जे जिंकायचं तेच जिंकलं. "स्पर्धा कधी आहे?" त्यांनी विचारलं. "मी येऊ ना?"

संध्याकाळी अध्यक्ष धक्क्यावर आले. दुपारभर ताईनं बरण्या आपापल्या फळीवर परत बसवल्या होत्या, प्रत्येकीची चिमूट स्वतः जाळून पाहिली होती, आणि नव्या बत्त्या भरल्या होत्या. मालकांनी घसा साफ केला.

"अध्यक्षसाहेब, उलगडा झाला. ताईंचा काही दोष नाही. आमच्या घरातल्याच पोरीनं बरण्या हलवल्या आणि..."

"थांबा मालक," ताई पुढे झाली. "बरणी कुणीही हलवू दे. बत्ती माझ्या हातची. पोतं आलं की मी चिमूट जाळून बघते, पण बरणीतून घेताना बघितली नाही. जागेवर भरवसा टाकला. ती चूक पोरीची नाही, माझी. त्या आठवड्यात भरलेली एकूण एक बत्ती मी आज फोडून टाकली आहे. रस्त्यावर गेलेल्या नारिंगीसुद्धा परत मागवल्या आहेत. यापुढे चिमूट जाळल्याशिवाय माझा हात मिश्रणात जाणार नाही. आता यातली हवी ती उचला."

मालकांनी 'एकूण एक' ऐकून डोळे मिटले. धाकटी बघत राहिली. एवढं सगळं सोडवून तिनं बहिणीला दोषातून पूर्ण सोडवलं होतं, आणि ही बया भर धक्क्यावर तो दोष स्वतःहून अंगावर घेऊन ताठ उभी होती. धाकटीला रडू यायला लागलं आणि छाती मात्र फुगून आली.

अध्यक्षांनी पेटीच्या अगदी तळातली बत्ती ओढून काढली. टोपण घासलं. बत्ती लाल पेटली. पाणी लाल झालं, होड्यांच्या कडा लाल झाल्या, धक्क्यावरची सगळी माणसं लाल झाली. दूरवर एका होडीनं ती पाहिली आणि तोंड फिरवून सरळ त्यांच्याकडे यायला लागली. अध्यक्षांनी हसून तिला हातानं परत जा अशी खूण केली.

"माल घेतला," ते म्हणाले. "पण एक अट. भरायची या बाईंनीच. यंत्र आपली चूक अशी तोंडावर सांगायचं नाही."

मग त्यांचं लक्ष धाकटीकडे गेलं. डोळे पुसणारी, चष्मेवाली, कारखान्यातली न वाटणारी ही कोण, म्हणून त्यांनी विचारलं, "आणि आपण?"

"या मोठ्या विद्वान आहेत हो," मालक लगबगीनं सांगू लागले. "कॉलेजात रसायनशास्त्राच्या..."

धाकटीनं त्यांना मधेच तोडलं.

"मी हिची धाकटी बहीण," ती म्हणाली.